निर्वात शुष्कीकरणातील दाबमापक : आकडा वाचण्यापूर्वी

आपल्या फार्मसींमधून अलीकडे फ्रीज ड्रायर दिसू लागले आहेत. आवळा, कोरफड, दूर्वा यांचे स्वरस गोठवून, निर्वात अवस्थेत सुकवून त्यांचे चूर्ण करण्याकडे व्यवसायबंधूंचा कल वाढतो आहे. यंत्र घेताना आपण ट्रेची संख्या, कंप्रेसर आणि किंमत यांची कसून चौकशी करतो. चेंबरला जोडलेल्या लहानशा कन्व्हेक्शन व्हॅक्यूम गेजकडे मात्र कोणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते.

आमच्याकडे आवळा स्वरसाची बॅच लावली होती. गोठलेले पाणी वितळू न देता थेट वाफ होऊन जावे, यासाठी चेंबरमधील दाब 4.58 टॉरच्या बराच खाली ठेवावा लागतो. (एक टॉर म्हणजे पाऱ्याचा एक मिलिमीटर.) आम्ही 0.15 टॉर ठरविला होता. गेज मात्र 0.24 च्या खाली येईना. गळती असल्याचे गृहीत धरून मी पंप बंद करविला आणि सर्व सांधे तपासले. तेवढ्या वेळात स्वरस वितळून फसफसला आणि संपूर्ण बॅच टाकून द्यावी लागली. गळती नव्हतीच.

या गेजमध्ये एक अतिसूक्ष्म तार विजेने ठराविक तापमानास तापविलेली असते. सभोवतीचा वायू तिची उष्णता हिरावून नेतो; ते तापमान टिकविण्यास किती वीज लागते, यावरून दाब काढला जातो. साधारण 1 टॉरच्या वर तापलेला वायू वर चढू लागतो, म्हणजे अभिसरण सुरू होते, आणि त्यामुळेच हे उपकरण वातावरणाच्या दाबापर्यंत वाचू शकते. सारांश, गेज मोजते ती उष्णता. दाब हे अनुमान होय, आणि ते अनुमान नायट्रोजन किंवा हवा गृहीत धरून केलेले असते. संधानाच्या भांड्यात पेटती काडी विझली, तर आपण भांड्यात कोणता वायू आहे हे ओळखतो. तसेच येथेही वायू कोणता हे आधी विचारावयास हवे. शीत शुष्कीकरणात चेंबरमध्ये प्रामुख्याने पाण्याची वाफ असते. ती नायट्रोजनपेक्षा अधिक उष्णता नेते, म्हणून आकडा खऱ्या दाबाच्या सुमारे 1.6 पट दिसतो. 0.15 चे 0.24 झाले ते असे.

हा दोष उपयोगीही पडतो. सोबत कपॅसिटन्स गेज लावावे. ते पडद्यावरील दाब प्रत्यक्ष मोजते, वायू कोणताही असो. बर्फ शिल्लक असेतोवर दोन्ही आकड्यांत अंतर राहते. ते जुळू लागले की शुष्कीकरणाचा पहिला टप्पा सरला असे समजावे. स्नेहपाकातील फेनोद्गमासारखे हे सिद्धिलक्षणच म्हणावे लागेल.

आता धोक्याविषयी. निर्वात मोडण्यासाठी कोणी आर्गॉन सोडला, तर चेंबर वातावरणाच्या दाबापर्यंत भरल्यावरही गेज सुमारे 23 टॉरच दाखविते. कामगार ‘अजून पुष्कळ बाकी आहे’ असे समजून सिलिंडर उघडाच ठेवतो आणि पारदर्शक दार त्याच्या तोंडासमोर फुटू शकते. म्हणून नायट्रोजन वापरावा, आणि तरीही सुरक्षा झडप असलीच पाहिजे. केवळ ओ-रिंगच्या पकडीवर बसविलेली गेजची नळी आतील दाब वाढला की उडून येते. फ्लँज व धातूचा क्लॅम्पच वापरावा.

मद्यार्कयुक्त घनसत्त्व करणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. बिघाड झाल्यास तार अतितप्त होऊ शकते. मद्यार्काची वाफ व हवा मिसळण्याचा संभव असलेल्या यंत्रावर हे गेज लावूच नये.

बसविताना नळीचा अक्ष आडवा हवा. उभी बसविल्यास 1 टॉरच्या वरचे वाचन चुकते. पंपाच्या तेलाची वाफ व थेंब आत जाणार नाहीत अशी जागा निवडावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे. वातावरणाच्या दाबाची जुळणी करताना तंत्रज्ञ सवयीने 760 टॉर घालतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. तेथे हा दाब 712 टॉरच्या आसपास असतो. स्थानिक आकडाच घालावा. मिलिबार व टॉर यांतील गोंधळही नित्याचा आहे : 1 टॉर म्हणजे 1.33 मिलिबार.

गेज मळले तर आत ब्रश घालू नये, दाबाची हवा मारू नये. योग्य द्रावक हलकेच भरून ठेवावा, ओतून टाकावा व नळी पूर्ण वाळवूनच जोडावी. साध्या मल्टिमीटरने तार तपासण्याचा मोह टाळावा. तेवढ्या विजेनेही ती जळू शकते.

आमच्या बॅच नोंदपत्रकात आता दाबासाठी दोन रकाने आहेत, दोन्ही गेजांचे. आणि निर्वात मोडताना कोणता वायू सोडला, तेही कामगार तेथेच लिहितो.