खतदानांतील पात्रापात्रविवेक

दान करावयाचें तें पात्र पाहून करावें, हा उपदेश आपल्या घरांतून लहानपणापासून कानीं पडतो; परंतु शेतास खत घालतांना हा विवेक आपण सहसा विसरतों.

गेल्या आषाढांत आमच्या पुतण्यानें देशावरील आमच्या काळ्या रानांत यूरिया फोकला. पुढें आठ दिवस पाऊस नाहीं. ऊन व वारा मात्र भरपूर. पीक पिवळेंच राहिलें, तेव्हां "काका, खत भेसळीचें असलें पाहिजे," असें म्हणून तो दुसरी गोणी आणावयास निघाला. खत अस्सल होतें. तें उडून गेलें होतें. नवसागर आणि चुना एकत्र घोटून त्यांतून निघणारा, नाकास झोंबणारा अमोनिया आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस हुंगावयास दिला. परंतु त्या दर्पाचा आपल्याच शेताशीं संबंध जोडावयास पुतण्याची गोणी फुकट जावी लागली, हें कबूल केलें पाहिजे.

यूरिया हें मूत्रांतील द्रव्य. १८२८ सालीं व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें तें प्रथम कृत्रिम रीतीनें तयार केलें. त्यांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें, म्हणजे ४५ किलोंच्या गोणींत सुमारें २०.७ किलो. मातींतील ओलाव्यांत तें विरघळलें म्हणजे त्याचें अमोनियांत रूपांतर होतें. दख्खनच्या काळ्या जमिनींत चुनखडी असल्यानें ती बहुधा अल्कधर्मी असते. म्हणून वरवर पडलेल्या खताची तेथें नवसागर-चुन्याप्रमाणेंच गत होते. तेंच खत तीन-चार बोटें मातीआड केलें, अथवा त्यावर लागलीच पुरेसें पाणी दिलें, तर तीच काळी माती त्यास घट्ट धरून ठेविते. पात्र वाईट नव्हतें. वाढण्याची रीत चुकली.

रेताड जमिनीचें पात्र गळकें. मातींतील सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्रेट बनवितात, आणि नायट्रेटास मातीचे कण धरीत नाहींत. जिकडे पाणी तिकडे तें. कोंकणांतील जांभ्याची जमीन आम्ल असल्यानें तेथें खत उडण्याचें भय कमी. परंतु तिची धारणाशक्ति थोडी आणि पाऊस बहुतेक ठिकाणीं २५०० मिलिमीटरांच्या आसपास वा त्याहून अधिक, म्हणून एकदम घातलेलें खत पाण्याबरोबर निघून जातें. भातखाचरांत तिसरीच वाट. साचलेल्या पाण्याखालीं प्राणवायूचा तुटवडा पडला म्हणजे दुसरे जंतु नायट्रेटांतील प्राणवायु काढून घेतात, व नत्र वायुरूपानें निसटतें. त्याचा कांहीं अंश नायट्रस ऑक्साइड असतो. शंभर वर्षांच्या हिशेबानें हा वायु तितक्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारें २७३ पट तापमानवाढ करितो.

हा तोटा केवळ पैशाचा नव्हे. झिरपलेलें नायट्रेट विहिरींत उतरतें. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरीं ४५ मिलिग्रॅमांहून अधिक नसावें, असें भारतीय मानक आहे. कारण तें फार झाल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति क्षीण होते व अंग निळें पडतें. पाणी उकळून नायट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटल्यानें त्याचें प्रमाण वाढतें. ज्या घरीं तान्ह्यास वरचें दूध विहिरीच्या पाण्यांत कालवून पाजतात, त्यांनीं तें पाणी तपासून घ्यावें हें बरें.

मग उपाय कोणता? काळ्या जमिनींत वाफसा असतांना खत पेरून मातीआड करावें. रेताड व जांभ्याच्या जमिनींत तें थोडथोडें, हप्त्याहप्त्यानें द्यावें, आणि शेणखतानें जमिनीची धारणाशक्ति वाढवावी. भाताच्या चारसूत्री पद्धतींत चार चुडांच्या मध्यें खताची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचितात, ती याचसाठीं. २०१५ पासून देशांत तयार होणाऱ्या यूरियास निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्यानें नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावते, परंतु उघड्यावर टाकलेलें खत उडावयाचें राहत नाहीं.

यंदा पुतण्यानें पावसाची वाट पाहिली, आणि वाफसा येतांच खत पाभरीनें पेरून झांकिलें. दुसरी गोणी आणावी लागली नाहीं. दात्यानें पात्र ओळखिलें म्हणजे थोडें दानहि पुरतें, एवढेंच आमचें सांगणें.