औषध देणाऱ्याची जबाबदारी

सन १९८६ च्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत मुंबईतील भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्णांचा मृत्यू झाला. ते मूळ आजाराने नव्हे, तर दिलेल्या औषधाने दगावले. मेंदूवरील किंवा डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरॉल दिले जात असे. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरले जाणारे विषारी रसायन निघाले. ते ग्लिसरॉलसारखेच दाट, रंगहीन व गोड असते. पाहून किंवा चाखून भेद कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. पोटात गेल्यावर हे रसायन मूत्रपिंडे निकामी करते.

चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला. खरेदीपासून तपासणीपर्यंत अनेक पायऱ्यांवर झालेली हयगय त्यातून उघड झाली. याच रसायनाने १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून ते पुन्हा लहान मुलांच्या जिवावर उठले.

औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील औषध दुकानांत वा रुग्णालयांत काम करणाऱ्या तरुणांनी हा प्रसंग केवळ इतिहास म्हणून वाचू नये. ‘आधीच्या माणसाने पाहिलेच असेल’ हे गृहीत धरणे, हाच या साऱ्यातील खरा धोका आहे. औषध रुग्णाच्या हाती ठेवणारा माणूस या साखळीतील शेवटचा पहारेकरी असतो.

बाटलीतील रसायन दुकानात तपासता येत नाही, हे खरे. परंतु परवानाधारक वितरकाकडूनच पक्क्या बिलावर माल घेणे, बॅच क्रमांक व मुदतीची तारीख पाहणे आणि शासनाने एखादी बॅच परत मागविल्यास ती तत्काळ बाजूला काढणे, हे त्याच्याच हाती असते. बॅच क्रमांकाची नोंद नसेल, तर सदोष बाटल्या कोणत्या घरांत गेल्या हे शोधणार कसे?

शुद्ध औषधही चुकीच्या मात्रेने घातक ठरते. इन्सुलिनचेच पाहा. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट असे दोन्ही प्रकार मिळतात व त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतले, तर मात्रा अडीचपट होते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. सांधेदुखीसाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. म्हणून वार पाकिटावर मराठीत लिहून द्यावा. पॅरासिटामॉल अनेक सर्दीच्या गोळ्यांतही असते. तापाची गोळी व सर्दीची गोळी एकत्र घेणाऱ्याला ते नकळत दुप्पट मिळते आणि अतिमात्रेने यकृतावर आघात होतो.

कायद्यानेही ही जबाबदारी ओळखली आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयाचे असते. २०१४ पासून लागू झालेल्या ‘अनुसूची एच-१’ मध्ये काही प्रतिजैविके व क्षयरोगाची औषधे आहेत. ती देताना डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. अशी औषधे चिठ्ठीशिवाय वा अर्धवट घेतली गेली, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात आणि पुढच्या रुग्णासाठी इलाजच उरत नाही.

संध्याकाळी दुकानासमोर गर्दी असते आणि प्रत्येकाला घाई असते. अशा वेळी अक्षर लागले नाही, तर अंदाजाने औषध देऊ नये; डॉक्टरांना दूरध्वनी करावा. दोन नावे सारखी वाटली, तर आतील घटकाचे नाव वाचावे. पालकांनीही औषध घेताना तीन प्रश्न विचारावेत: हे कशासाठी, किती वेळा आणि किती दिवस? विचारणाऱ्या ग्राहकावर त्रासू नये. त्याचा प्रश्न ही चूक पकडण्याची आणखी एक संधी असते. औषधाच्या व्यवसायात विचारणे कमीपणाचे नाही. न विचारता देणे मात्र कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.