नोकरी शोधताय? जवळच्या नातेवाइकांपुरतं थांबू नका. लांबच्या ओळखी जास्त कामाला येतात

आयटीआय, डिप्लोमा किंवा बारावी झाली की गावाकडची बरीच मुलं दोनच गोष्टी करतात. मोबाईलवर दिसेल त्या जाहिरातीला अर्ज टाकतात आणि काका-मामांना 'कुठं काही असेल तर बघा' म्हणून सांगून ठेवतात. मग महिने जातात, फोन काही येत नाही.

असं का होतं?

जवळच्या माणसांची इच्छा असते, पण त्यांना नवीन काही ठाऊक नसतं. एकाच गावात राहणाऱ्यांना, एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर असणाऱ्यांना बातमी एकच मिळते. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या एका शहरात नोकरी बदललेल्या लोकांना याबद्दल विचारलं होतं. त्यांचा लेख १९७३ साली प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या दर सहांपैकी सुमारे पाच जणांना ती खबर क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती.

आपल्याकडेही हे नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, साताऱ्याकडून गेलेली माणसं आधी गावकऱ्यांच्या खोलीवर उतरायची. कुठल्या खात्यात बदली कामगार हवेत, ही खबर तिथंच लागायची.

कोणाला फोन करायचा?

मोबाईलमधले नंबर एकदा वरपासून खालपर्यंत बघावेत आणि कागदावर वीस नावं काढावीत:

- एक-दोन वर्षं पुढच्या बॅचची मुलं-मुली
- आयटीआयचे निदेशक, कॉलेजचे सर-मॅडम
- चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीकडे कामाला असलेले गावचे लोक
- बहिणीच्या सासरकडची मंडळी
- कंपन्यांत माल पोचवणारे टेम्पोवाले, एमआयडीसीत मेस चालवणारे

काय बोलायचं?

'मला नोकरी लावा' म्हटलं की समोरचा अवघडतो, कारण ते त्याच्या हातात नसतं. माहिती विचारली तर बहुतेक जण मोकळेपणानं बोलतात. मेसेज साधा असावा: 'दादा, मी तुमच्यानंतरच्या बॅचचा, फिटर ट्रेड. तुमच्या कंपनीत भरती कधी निघते, मुलाखतीत काय विचारतात, हे जाणून घ्यायचं होतं. रविवारी दहा मिनिटं फोन करू का?'

फोनवर जाहिरातीत नसलेल्या गोष्टी विचाराव्यात. काम कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराकडं? काही महिन्यांनी ब्रेक देतात का? पीएफ भरतात का? खोलीभाडं, मेस जाऊन हातात किती उरतात? मुलींनी शिफ्ट किती वाजता सुटते, बस आहे का आणि सोबत राहायला कोणी आहे का, हेही विचारून घ्यावं. आत काम करणारा माणूसच याची खरी उत्तरं देतो.

ओळख म्हणजे वशिला नव्हे

ओळखीनं फक्त दारापर्यंत पोचता येतं. पुढं काम येत असेल तरच टिकाव लागतो. सरकारी भरतीत तर 'आतला माणूस आहे' म्हणणाऱ्यापासून लांबच राहावं. फॉर्म, युनिफॉर्म किंवा 'सेटिंग'च्या नावाखाली कोणी पैसे मागितले, मग तो नात्यातला असला तरी, एक रुपया देऊ नये. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी.

ओळखीच नसतील तर?

ज्यांच्या घरातून आजवर कोणी बाहेर कामाला गेलं नाही, त्यांची यादी छोटी असणार. त्यांनी आयटीआयचे निदेशक आणि जिल्ह्याच्या ठिकाणचं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र इथून सुरुवात करावी. रोजगार मेळाव्यात काम मिळालं नाही तरी तिथं भेटलेल्या दोन जणांचे नंबर घेऊन यावेत.

आणि काम लागलं की ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांना फोन करून सांगावं. पुढच्या वर्षी गावातलं कोणीतरी पोर असाच फोन करील, तेव्हा तो उचलावा.