बंद घड्याळाचा भाऊबंद

वडील निपाणीतील एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. १९९१ साली मी शिक्षकाच्या नोकरीस लागलो, तेव्हा त्यांनी मला एच.एम.टी.चे क्वार्ट्झ घड्याळ घेऊन दिले. रोज किल्ली द्यावयास नको, याचेच त्यांना मोठे कौतुक. पुढे मीच ते सेलसह ट्रंकेत टाकले आणि विसरलो. आता नव्वदी गाठलेल्या वडिलांनी गेल्या दिवाळीत विचारले, ‘ते घड्याळ चालतंय न्हवं?’ उघडून पाहिले, तो सेल पाझरलेला आणि आत हिरवट थर चढलेला.

बेंगळुरास १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच.एम.टी.ची घड्याळे निघू लागली. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने तो घड्याळांचा उद्योग बंद करण्यास मान्यता दिली. तेव्हा नवे सुटे भाग मागावयाचे कोणाकडे?

क्वार्ट्झ घड्याळात स्प्रिंगचे काम सेल करतो आणि गती राखण्याचे काम चिमुकला स्फटिक. तो सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. या आकड्याची पंधरा वेळा निमपट केली की बरोबर एक उरतो. (मुलांकडून हे फळ्यावर करवून घ्यावे, गणिताच्या तासाला असा आनंद क्वचित लाभतो.) सर्किट ही निमपट करून दर सेकंदास कॉइलकडे विजेचा एक स्पंद धाडते, त्याने छोटे चुंबकी चाक अर्धा फेरा घेते आणि काटा एक घर सरकतो. कॉइलची तार केसाहून बारीक. पाझरलेला क्षार तिला सहज खातो.

बेळगावच्या एका दुकानात सल्ला मिळाला, ‘नवं मशीन घाला.’ सल्ला व्यवहाराचा होता. परंतु तबकडीचे पाय नव्या मशीनच्या भोकांत बसेनात, काट्यांची छिद्रेही निराळी. पाय कापून तबकडी चिकटवावी लागली असती. माझे मन धजेना.

निपाणीतील एका वृद्ध कारागिराने मीटर लावून पाहिला आणि म्हणाले, ‘गुरुजी, चाकांची दातं शाबूत हायत. कॉइल तेवढी तुटलीया. ह्येचाच भाऊबंद हुडकाय पायजे.’ मशीनच्या पाठीवरचा क्रमांक त्यांनी कागदावर उतरवून दिला. तो घेऊन मी तीन रविवार हिंडलो. चिकोडीत कानडीत विचारले, कोल्हापुरात मराठीत. उत्तर एकच, ‘आता कुठलं मिळतंय!’ अखेर संकेश्वरास एका दुकानातील बिस्किटांच्या डब्यात, फुटक्या काचेचे व काटे नसलेले, त्याच क्रमांकाचे मशीन सापडले. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत; चहा मात्र पाजला.

कारागिराने त्याची कॉइल आमच्या घड्याळात बसविली, सेलच्या पट्ट्या घासून स्वच्छ केल्या. उरलेली चाके व सर्किट मी क्रमांक लिहून एका डबीत जपून ठेवली आहेत. वाचकांपैकी कोणी असे घड्याळ कपाटात ठेवून दिले असेल, तर आजच त्यातील सेल काढून टाकावा.

वडिलांनी घड्याळ मनगटावर बांधले, संध्याकाळच्या आकाशवाणीच्या बातम्यांशी लावून पाहिले आणि मला म्हणाले, ‘अर्धा मिनिट मागं आहे.’