प्रत्येक सिलिंडरला स्वतःचे दार

जुन्नर तालुक्यातील ओझर हे गाव विघ्नहर गणपतीमुळे तुम्हांला ठाऊक असेलच. देवळाजवळच कुकडी नदीवरच्या येडगाव धरणाचे पाणी पसरलेले दिसते. या धरणातून निघणारा कुकडी डावा कालवा अहिल्यानगर जिल्ह्यातून थेट सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यापर्यंत जातो. धरणावरचे दार उघडले, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ‘आवर्तन सुटले’, तरी शेवटच्या गावांना पाणी लगेच मिळत नाही. आधी एवढा लांब कालवा भरावा लागतो. त्यात काही दिवस जातात. आता वाफ्याच्या तोंडाशी दारे धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे पाहा. त्याने फावड्याने मातीचा एक घास काढला, की पाणी त्याच क्षणी वाफ्यात शिरते. पाणी एकच, धरण एकच. फरक आहे तो दार कोठे आहे एवढाच.

शर्यतीच्या मोटारीचे इंजिन तयार करणाऱ्यांपुढेही नेमका हाच प्रश्न असतो. फक्त पाण्याच्या जागी हवा असते, आणि दिवसांच्या जागी सेकंदाचे लहान लहान भाग.

इंजिन श्वास कसे घेते?

पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडर असतो आणि त्यात खालीवर सरकणारा दट्ट्या असतो. दट्ट्या खाली जाताना आत येण्याची झडप उघडते. सिलिंडरातील दाब कमी होतो आणि बाहेरचे वातावरण आपल्या दाबाने हवा आत ढकलते. ज्या इंजिनाला हवा भरून देणारा टर्बोसारखा पंप नसतो, त्याला केवळ या वातावरणाच्या दाबावर भागवावे लागते. म्हणून त्याला आपण स्वतः श्वास घेणारे इंजिन म्हणू.

हा श्वास किती मोठा असतो? १६०० घनसेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत आहे असे समजा. दर दोन फेऱ्यांना सर्व सिलिंडर एकेकदा भरतात. म्हणजे मिनिटाला ३००० वेळा १.६ लिटर, अर्थात ४८०० लिटर हवा! सेकंदाला ८० लिटर. घरातल्या चारपाच बादल्यांत मावेल एवढी हवा हे इंजिन दर सेकंदाला ओढते.

ही हवा कमीजास्त करणे म्हणजेच गाडीचा वेग ताब्यात ठेवणे. त्यासाठी हवेच्या वाटेत एक गोल चकती असते. ती आडव्या दांडीवर फिरते. चालकाने पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबला, की ती उघडते. तिला थ्रॉटल म्हणतात. आपण तिला हवेचे दार म्हणू.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही गाडी तुमच्या आईवडिलांनी नक्की पाहिली असेल. २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत ती मुंबईच्या रस्त्यांवर काळीपिवळी टॅक्सी म्हणून धावत होती. तिला चार सिलिंडर होते, पण हवेचे दार एकच, कार्ब्युरेटरमधले. त्यामागून हवा चार वाटांनी फुटून चार सिलिंडरांकडे जाई. आजच्या बहुतेक मोटारींतही थ्रॉटल एकच असते. त्याच्यामागे हवेची एक कोठी असते आणि कोठीतून प्रत्येक सिलिंडराकडे एकेक नळी जाते.

एका दाराची अडचण

या रचनेत दोन अडचणी येतात. पहिली कालव्याची. दार मिटलेले असते तेव्हा कोठीतील हवा विरळ झालेली असते. चालकाने दार उघडले, की बाहेरची हवा आधी ही कोठी भरते आणि मग सिलिंडराला पुरेशी मिळते. घरच्या गाडीत हा उशीर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण ताशी १०८ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ३० मीटर जाते. सेकंदाच्या दहाव्या भागात ३ मीटर. वळणातून बाहेर पडताना शर्यतीच्या चालकाला पाय दाबताच त्याच क्षणी उत्तर हवे असते.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. एक सिलिंडर हवा ओढतो तेव्हा कोठीतील दाब हलतो आणि त्याचा धक्का इतरांना बसतो. हे तुम्ही घरी करून पाहू शकता. जाड प्लॅस्टिकची एक स्वच्छ बाटली घ्या. तिच्या झाकणाला तीन भोके पाडून त्यांत सरबत प्यायच्या तीन नव्या नळ्या बसवा. फटी कणकेने नीट बुजवा. एक नळी म्हणजे हवेचे दार. ती बोटांनी दाबून जवळजवळ बंद करा. उरलेल्या दोन नळ्या दोघांनी ओठांत धरा. एकाने जोरात हवा ओढली, की दुसऱ्याच्या ओठांना ओढ जाणवेल. आता तिसरी नळी मोकळी सोडा. ओढ लगेच कमी होईल. दार जेवढे मिटलेले, तेवढा शेजाऱ्याचा त्रास अधिक!

शर्यतीच्या इंजिनात हा त्रास वाढतो. तेथे झडपा जास्त वेळ उघड्या ठेवतात. जळालेला वायू बाहेर जाण्याची झडप मिटायच्या आधीच हवा आत येण्याची झडप उघडते. इंजिन मंद चालत असताना कोठीत दाब कमी असतो. म्हणून जळालेला वायू उलटा कोठीत शिरतो आणि तेथून शेजारच्या सिलिंडरांत जातो. मग इंजिन आचके देते, बंदही पडते.

यावर उपाय म्हणजे कालव्यावरचे दार काढून प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी दार बसवणे. चार सिलिंडरांना चार थ्रॉटल, झडपेपासून अगदी जवळ. आता दारामागे फक्त वीतभर नळी उरते. ती क्षणात भरते, आणि एकाचा उलटा श्वास दुसऱ्याकडे जात नाही.

ही कल्पना नवी नाही. जुन्या शर्यतीच्या गाड्यांवर वेबर कंपनीचे दोन नळ्यांचे दोन कार्ब्युरेटर शेजारी शेजारी बसवीत. म्हणजे चार सिलिंडरांना चार नळ्या झाल्याच. १९९१ साली टोयोटाने आपल्या १.६ लिटरच्या वीस झडपांच्या इंजिनाला चार थ्रॉटल दिले. २००० साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम-३ या गाडीच्या ३.२ लिटरच्या इंजिनाला सहा थ्रॉटल होते, आणि ते मिनिटाला ८००० फेऱ्यांपर्यंत जाई. २०११ सालच्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. तेथे धावलेल्या गाड्यांत २.४ लिटरची, आठ सिलिंडरांची, स्वतः श्वास घेणारी इंजिने होती. प्रत्येक सिलिंडराला आपले दार होते, आणि फेऱ्यांची मर्यादा होती मिनिटाला १८,०००!

तुतारीची लांबी

असे चार थ्रॉटल बसवायचे म्हणजे आधी इंजिनाच्या डोक्यावरील चार छिद्रांशी तंतोतंत जुळणारी चार नळ्यांची नवी जोडणी करावी लागते. सांध्यात कोठे पायरी राहिली, तर हवेला तेथे ठेच लागते. थ्रॉटलच्या बाहेरच्या तोंडाला सनईच्या टोकासारखी पसरट कड असलेली नळी लावतात. तिला तुतारी म्हणू या. कड गोलसर असली, की चहूकडची हवा भोवरे न करता आत वळते.

पण तुतारी किती लांब असावी? येथे आवाजाचे शास्त्र मदतीला येते. दट्ट्याने हवा ओढली, की नळीत कमी दाबाची लाट उठते आणि ध्वनीच्या वेगाने बाहेर धावते. उघड्या तोंडाशी पोचल्यावर ती उलटते आणि जास्त दाबाची लाट होऊन परत येते. ही लाट झडप मिटायच्या सुमारास आत पोचली, तर ती थोडी जास्तीची हवा सिलिंडरात ढकलून देते.

गणित करून पाहा. मिनिटाला ८००० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ७.५ मिलिसेकंद. ओढ सर्वांत जोराची असते दट्ट्या अर्ध्या वाटेवर असताना. तेथून तळ गाठेपर्यंत पाव फेरा, म्हणजे सुमारे १.९ मिलिसेकंद मिळतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर तेवढ्या वेळात लाट ६४ सेंटिमीटर जाते. जाणे आणि येणे मिळून ६४, म्हणून झडपेपासून तुतारीच्या तोंडापर्यंत लांबी हवी ३२ सेंटिमीटर. फेरे ४००० केले तर? लांबी दुप्पट हवी. म्हणजे एका लांबीची तुतारी एकाच वेगाला चांगली साथ देते. प्रत्यक्षात तंत्रज्ञ आणखी बऱ्याच गोष्टी हिशेबात घेतात, पण पहिला अंदाज असाच निघतो.

चौघांचा एक ताल

आता सर्वांत चिकाटीचे काम. चारही दारे एकाच वेळी, सारखीच उघडली पाहिजेत. दार किती उघडले, हे ढोबळमानाने एक वजा कोनाच्या कोसाइनवरून काढता येते. कोष्टक घेऊन पडताळा पाहा. एक दार ३ अंश उघडले आणि शेजारचे ४ अंश, तर दुसऱ्यातून जवळजवळ पाऊणपट अधिक हवा जाईल! पण एक ८० अंश आणि दुसरे ८१ अंश असेल, तर फरक जेमतेम दोन टक्के. म्हणून मेकॅनिक इंजिन मंद चालू ठेवून प्रत्येक नळीतील दाब किंवा हवेचा ओघ मोजतो आणि बारीक स्क्रू फिरवून चौघांना एका तालावर आणतो. दारे मिटवणाऱ्या स्प्रिंगा निदान दोन ठेवतात. एक तुटली तरी दुसरीने दार मिटलेच पाहिजे, नाहीतर वळणावर गाडी आवरणार नाही.

मग इंजिनाच्या संगणकाला नवी शिकवण द्यावी लागते. किती पेट्रोल सोडायचे हे अनेक गाड्यांत तो कोठीतील दाबावरून ठरवतो. येथे कोठीच नाही, आणि वीतभर नळीतला दाब सारखा नाचत असतो. म्हणून दाराचा कोन आणि इंजिनाचे फेरे या दोन आकड्यांवरून पेट्रोल ठरवतात. पण या आकड्यांना गावाची उंची कळत नाही. ओझर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्के कमी असतो. मुंबईत जुळवलेले इंजिन तसेच येथे आणले, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी असा प्रकार होईल. म्हणून वातावरणाचा दाब मोजणारे उपकरण वेगळे जोडावे लागते.

उघड्या तुताऱ्या चित्रात फार ऐटबाज दिसतात. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यातील धुरळ्याचा विचार करा. सेकंदाला बादल्या बादल्या हवेबरोबर वाळूचे बारीक कण आत गेले, तर सिलिंडर घासून निघेल. म्हणून चारही तोंडांवर मोठी पेटी आणि गाळणी हवीच.

मग ताकद किती वाढते?

पुष्कळांना वाटते, चार थ्रॉटल लावले की गाडी आपोआप जोरदार होते. तसे नाही. एकच मोठे दार पूर्ण उघडले असेल, तर तेही पुरेशी हवा देऊ शकते. स्वतंत्र दारांमुळे मुख्यतः उत्तर लवकर मिळते, आणि जास्त वेळ उघड्या राहणाऱ्या झडपा व नेमक्या लांबीच्या तुताऱ्या वापरता येतात. ताकद येते ती या सर्वांच्या जुळणीतून. सुटा भाग विकत आणून ती येत नाही. शिवाय रस्त्यावरच्या गाडीत कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे. हे काम शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरचेच.

याचे एक सुंदर उदाहरण ओझरच्याच रस्त्यावर आहे. पुण्याहून ओझरला येताना चाकण लागते. तेथील बजाजच्या कारखान्यात केटीएम मोटारसायकली तयार होतात. २०१३ साली आलेल्या ३९० ड्यूकचे इंजिन सुमारे ३७३ घनसेंटिमीटरचे, एकाच सिलिंडराचे. सिलिंडर एक, दार एक; म्हणजे त्याला स्वतःचे थ्रॉटल जन्मतःच मिळालेले! अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः लहान शर्यतीची गाडी बांधून कोइमतूरच्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत उतरतात. त्यांत हे इंजिन पुष्कळांच्या आवडीचे आहे. त्या स्पर्धेचा नियम मात्र कडक आहे. थ्रॉटल एकच, आणि पेट्रोल इंजिनाची सगळी हवा त्याच्यामागच्या २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच घशातून गेली पाहिजे. साधारण रुपयाच्या नाण्याएवढे भोक! त्यातील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला, की मग कितीही ओढा, अधिक हवा येत नाही.

आता तुम्हीच विचार करा. या स्पर्धेसाठी चार सिलिंडरांचे इंजिन निवडले, तर घशामागची कोठी लहान ठेवाल की मोठी? लहान ठेवली तर उत्तर लवकर मिळेल, पण सिलिंडर एकमेकांची हवा पळवतील. मोठी ठेवली तर भांडण मिटेल, पण कालव्याचा उशीर परत येईल. कागद घ्या, चित्र काढा आणि आपले उत्तर कारणांसह शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.