कंपवात आणि खाजकुयली

पावसाळा संपल्यावर छत्रपती संभाजीनगरहून म्हैसमाळला किंवा कन्नडजवळच्या गौताळ्याच्या जंगलात सहलीला गेलात, तर झुडपांवर चढलेला एक वेल नीट ओळखून ठेवा. प्रत्येक देठाला तीन-तीन पाने, जांभळ्या फुलांचे खाली लोंबणारे घोस, आणि पुढे थंडीच्या दिवसांत इंग्रजी ‘एस्’ अक्षरासारख्या वाकड्या, सोनेरी-तपकिरी लवेने भरलेल्या शेंगा. ही खाजकुयली. कोणी हिला कुहिली असेही म्हणतात. शेंगेला हात मात्र लावू नका. तिच्यावरची लव कुसळासारखी कातडीत रुतते आणि लवेतील एक विकर, म्हणजे एन्झाइम, कातडीची आग आग करते. वानरालाही खाजवायला लावणारी म्हणून संस्कृतात हिचे नाव कपिकच्छू. आणि स्वतःचे रक्षण स्वतःच करणारी म्हणून दुसरे नाव आत्मगुप्ता.

अशा या खोडकर शेंगेच्या बियांत एक मोलाचे रसायन दडलेले आहे. पार्किन्सनचा विकार, ज्याला आपण कंपवात म्हणतो, त्यावर ते उपयोगी पडते. म्हणूनच कंपवाताचा रुग्ण असलेल्या घरी हमखास सल्ला मिळतो, “गोळ्या बंद करा आणि खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण सुरू करा.” दुसरा कोणी म्हणतो, “झाडपाल्याने कुठे मेंदूचा रोग बरा होतो काय?” आजोबांनी यांपैकी कोणाचे ऐकावे? उत्तर देण्यापूर्वी हा रोग आणि हे बी, दोघांचीही ओळख करून घेऊ.

कंपवातात काय होते?

हात मांडीवर स्वस्थ ठेवला असताना थरथरतो आणि काही घ्यायला पुढे केला, की थरथर कमी होते. अंगठा आणि बोट असे हलतात, की जणू गोळी वळली जात आहे. अंग ताठरते, हालचाली मंदावतात, पावले लहान पडतात, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, अक्षर बारीक बारीक होत जाते. मात्र प्रत्येक थरथर म्हणजे कंपवात नव्हे, आणि कंपवाताच्या प्रत्येक रुग्णाला थरथर असतेच असेही नाही. म्हणून निदान तज्ज्ञानेच करायचे.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांची निरीक्षणे मांडून या रोगाचे सविस्तर वर्णन केले. आपल्याकडे चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांची यादी आहे, तीत ‘वेपथु’ म्हणजे कंप हा एक विकार सांगितला आहे. माधवनिदानातही सर्वांगाला किंवा डोक्याला सुटणाऱ्या कंपाचा उल्लेख येतो. जुन्या वैद्यांची नजर बारीक होती हे यावरून दिसते. पण कंप अनेक कारणांनी सुटतो. त्यामुळे त्यांनी पाहिलेला प्रत्येक कंप पार्किन्सनचाच होता, असे मात्र म्हणता येत नाही.

आपल्या मेंदूच्या तळाशी गडद रंगाच्या पेशींचा एक लहानसा भाग असतो. या पेशी डोपामाइन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल केव्हा सुरू करायची, किती करायची आणि केव्हा थांबवायची, याचे निरोप पोहोचवण्यात डोपामाइनचा मोठा वाटा असतो. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. निरोप्याच कमी पडल्यावर निरोप अडकतात आणि साधे सदऱ्याचे बटण लावणेही कठीण होते.

सर्पगंधेने दाखवलेली वाट

डोपामाइनचे हे काम कळले, त्यात दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीचा हात आहे. ती म्हणजे सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवरील निरीक्षणांतून दाखवून १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि जगभर वापरात आले. पुढे असे आढळले, की रेसर्पिन घेणारे काही रुग्ण ताठर आणि मंद होतात, त्यांना कंपही सुटतो, थेट कंपवातासारखा!

हे कोडे स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी सोडवले. १९५७ साली त्यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निपचित पडून राहिले. मग त्यांनी सशांना लेव्होडोपा नावाचे रसायन टोचले. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले! रेसर्पिनमुळे मेंदूतील डोपामाइनचा साठा रिता झाला होता आणि लेव्होडोपाने तो पुन्हा भरला होता. या संशोधनासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

१९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन फारच कमी असल्याचे दाखवले. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कॉटझियास यांनी लेव्होडोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि जखडलेले रुग्ण हालचाल करू लागले.

तुम्ही विचाराल, डोपामाइनच का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत काय शिरू द्यायचे, यावर मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा कडक पहारा असतो. डोपामाइनला तेथे मज्जाव आहे. लेव्होडोपा हे मात्र अमिनो आम्ल आहे. अन्नातील काही अमिनो आम्लांसाठी असलेल्या दारातून ते आत जाते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामाइन होते.

बियांत लेव्होडोपा

आता पुन्हा आपल्या वेलाकडे वळू. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या दोन संशोधकांनी खाजकुयलीच्या बियांतून एक रसायन वेगळे काढले. ते हेच लेव्होडोपा! कंपवाताशी त्याचा संबंध तेव्हा कोणालाच माहीत नव्हता. वेलाला स्वतःला त्याचा काय उपयोग, असे म्हणाल, तर हे रसायन पुष्कळ किड्यांना मानवत नाही. बाहेरून लव आणि आतून लेव्होडोपा, असे आत्मगुप्तेचे दुहेरी संरक्षण आहे.

आयुर्वेदात कपिकच्छूचे बी बल देणारे आणि वात शमवणारे मानले आहे. ते दुधात उकळून, टरफल काढून, वाळवून त्याचे चूर्ण करतात. काष्ठौषधींच्या दुकानात ते ‘कवचबीज’ या नावानेही मिळते.

हे चूर्ण खरोखर उपयोगी पडते का, हे पाहण्याचे काम महाराष्ट्रातही झाले. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ रुग्णांना हे चूर्ण देऊन आपले निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध केले. १९९५ साली बियांपासून केलेल्या औषधाची ६० रुग्णांवर १२ आठवडे घेतलेली चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्हींत रुग्णांचा त्रास कमी झालेला दिसला.

पण येथे एक अडचण असते. ‘औषध मिळाले’ या भावनेनेही काही काळ बरे वाटते. म्हणून लंडनमध्ये आठ रुग्णांवर वेगळ्या पद्धतीने चाचणी झाली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. कोणत्या दिवशी चूर्ण आणि कोणत्या दिवशी नेहमीचे औषध दिले, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नाही. ३० ग्रॅम चूर्णाचा गुण साधारण ३५ मिनिटांत दिसू लागला, तर नेहमीच्या औषधाला सुमारे ६९ मिनिटे लागली. चूर्णाचा परिणामही अधिक वेळ टिकला.

मग गोळ्या सोडून सरसकट चूर्णच द्यावे का? दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात, जेथे अनेकांना गोळ्या परवडत नाहीत, तेथे १४ रुग्णांना १६ आठवडे चूर्ण देऊन पाहिले. त्यांपैकी सात जणांनी ते मध्येच सोडले. चौघांना पोटाचा त्रास झाला आणि तिघांच्या हालचाली बिघडत गेल्या. एका दिवसाची चाचणी आणि रोजचे औषध यांत असा फरक पडतो. शिवाय हे सगळे अभ्यास लहान आहेत, हेही विसरू नका.

एका चमच्याचे गणित

आता वही घ्या आणि एक गणित करा. बियांत लेव्होडोपाचे प्रमाण जात, जमीन आणि हवामान यांप्रमाणे बदलते. एका चूर्णात ते ३ टक्के आणि दुसऱ्यात ६ टक्के आहे असे समजू. ५ ग्रॅमच्या एका चमच्यात किती लेव्होडोपा आले? पहिल्यात १५० मिलिग्रॅम, दुसऱ्यात ३०० मिलिग्रॅम. चमचा तोच, रंग तोच, चवही तीच, मात्रा दुप्पट! गोळीवर मात्र लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम, असे स्पष्ट छापलेले असते. गोळीत बहुधा कार्बिडोपा हे दुसरे द्रव्यही असते. लेव्होडोपाचे मेंदूबाहेरच डोपामाइन होऊन वाया जाणे ते रोखते. त्यामुळे कमी लेव्होडोपा पुरते आणि मळमळही कमी होते. चूर्णात कार्बिडोपा नसते.

तेव्हा गोळी आणि चूर्ण यांतील मुख्य रसायन एकच आहे. गोळ्यांवर कोणाला न सांगता चूर्ण घेतले, तर मात्रा जास्त होऊन रक्तदाब उतरणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, अंगाला नको असलेले हेलकावे बसणे असे त्रास होऊ शकतात. उलट गोळ्या एकदम बंद केल्या, तर तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. ‘झाडाचे आहे, म्हणजे निर्धोक’ हा समज किती चुकीचा आहे, हे सर्पगंधेने आपल्याला दाखवलेच आहे.

आयुर्वेदिक उपचारांत तेलाने मालीश, शेक, बस्ती, अश्वगंधा आणि बला यांसारख्या वनस्पती यांचाही समावेश असतो. मालिशीने आखडलेल्या अंगाला आराम वाटू शकतो. मेंदूतील पेशींचा ऱ्हास थांबवणारे औषध मात्र अजून कोणत्याही वैद्यकाच्या हाती आलेले नाही. नियमित चालणे आणि व्यायाम यांचा उपयोग सर्वच रुग्णांना होतो.

तुम्ही काय करू शकाल?

घरात किंवा शेजारी असा रुग्ण असेल, तर एक वही करा. गोळी किती वाजता घेतली, हात केव्हा मोकळा झाला, ताठरपणा पुन्हा केव्हा आला, हे रोज लिहा. डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिनांपासून होणारी अमिनो आम्ले लेव्होडोपाच्याच दाराशी गर्दी करतात, म्हणून जेवणाची वेळही टिपून ठेवा. आठवड्यातून एकदा आजोबांकडून त्याच वहीत एकच ओळ लिहवून घ्या. अक्षर किती बारीक झाले, ते दिसेल. चूर्ण, काढा किंवा सर्पगंधेची गोळी चालू असेल, तर तिचीही नोंद करा. घाटीतील डॉक्टर असोत, मेंदूविकारतज्ज्ञ असोत की नोंदणीकृत वैद्य असोत, तपासणीला जाताना ही वही त्यांच्यापुढे ठेवा. औषधाची योग्य मात्रा ठरवायला तिची फार मदत होईल.