गळका हौद : आधी निदान, मग गिलावा



रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा उठायचे, मोटार चालू करायची, हौद तोंडोतोंड भरायचा. आणि दुसऱ्या सकाळी बघावे तर पाणी चार बोटे खाली! मळ्यातील जुन्या काँक्रीटच्या हौदांची ही नेहमीची रड आहे. मग गवंडी म्हणतो, "मालक, वरनं एक हात गिलावा मारतो, काम फत्ते." हात मारला जातो, पैसे जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा त्याच जागी तोंड वर काढते. असे का होते, आणि काम टिकाऊ कसे करावे, ते पाहू.

प्रथम गळती खरी आहे का ते ठरवावे, कारण उन्हावाऱ्यानेही पाणी आटते. हौदाच्या पायरीवर एक बादली ठेवावी. हौदातल्या पाण्याच्या उंचीइतकेच पाणी बादलीत भरावे आणि दोन्हीकडे खूण करावी. मोटार व व्हॉल्व्ह चोवीस तास बंद ठेवावेत. बादलीपेक्षा हौदाचे पाणी जास्त उतरले, तर तेवढी गळती समजावी. हौद ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद असेल तर एक मिलिमीटर म्हणजे ३० लिटर. रोज २५ मिलिमीटर गळती म्हणजे ७५० लिटर, महिन्याला साडेबावीस हजार लिटर! हे पाणी आपण वीज जाळून वर चढविलेले असते.

मग पाणी उतरू द्यावे. ते एका उंचीवर येऊन थांबले, तर भोक त्याच पातळीला आहे असे धरून चालावे. पाइप भिंतीतून जातो ती जागा आणि तळ व भिंत यांचा सांधा आधी तपासावा.

भेगा सगळ्या सारख्या नसतात. जाळीसारख्या बारीक भेगा बहुधा गिलाव्यापुरत्याच असतात. भेगेतून तांबूस डाग उतरत असेल, तर आतली सळई गंजली आहे. गंज चढला की लोखंड फुगते, मूळच्या दुपटीहून अधिक जागा मागते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. वरून खालपर्यंत गेलेली रुंद भेग बहुधा जमीन हलल्याची खूण असते. आपली काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. हौद गळतो म्हणून जमीन फुगते, आणि जमीन हलते म्हणून भेग वाढते. असे हे रहाटगाडगे चालूच राहते.

भेग जिवंत आहे की मेलेली, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून शेजारी तारीख लिहावी. काही आठवड्यांत काच तडकली, तर भेग अजून हलते आहे. अशा भेगेत सिमेंट भरणे व्यर्थ! तिथे रबरासारखे ताणले जाणारे सीलंटच भरावे. काच शाबूत राहिली, तर छिन्नीने साधारण इंचभर रुंद व तितकीच खोल खाच पाडावी, ती धुऊन ओली करावी आणि न आकसणारा तयार मसाला ठासून भरावा. गंजलेल्या सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडावे, सळई घासून तिला गंजरोधक लेप द्यावा आणि फार झिजली असल्यास जोडसळई टाकावी. भिंत कलली असेल किंवा तळ खचला असेल, तर मात्र अभियंत्यालाच दाखवावे.

यानंतरच गिलावा. जुना थर हातोडीने ठोकून पाहावा; जिथे पोकळ आवाज येईल तिथला सगळा काढावा. पृष्ठभागावर टाचे मारावेत, तारेच्या ब्रशाने शेवाळ घासून स्वच्छ धुवावे. सिमेंटच्या पातळ रबडीचा हात द्यावा आणि तो ओला असतानाच एकास तीन मसाल्याचा, जलरोधक मिसळलेला गिलावा दोन थरांत करावा. वाळू धुतलेली हवी. कोपऱ्यांना काटकोन न ठेवता गोलाई द्यावी. मग दहा-बारा दिवस गोणपाट ओले ठेवावे. इथेच बहुतेकांची कुचराई होते. हौद एकदम न भरता तीन-चार दिवसांत थोडा थोडा भरावा. जनावरे हे पाणी पीत असतील, तर पिण्याच्या पाण्याला चालणारेच रंग-लेप वापरावेत.

आणखी एक इशारा. जमिनीत खोल बांधलेला हौद पावसाळ्यात रिकामा करू नये. तळाखाली भूजल मीटरभर चढले, तर ते दर चौरस मीटरला एक टन जोराने तळ वर ढकलते. सहा इंची तळाचे वजन मात्र पावणेचारशे किलोच्या आसपास. पाण्यात दाबलेली रिकामी घागर वर उसळते, तसा तळ उचलला जातो आणि फुटतो. शहरातल्या पोहण्याच्या तलावांनाही हाच धोका असतो. म्हणून दुरुस्ती एप्रिल-मे महिन्यांतच उरकावी. आत उतरण्यापूर्वी मोटारीची वीज मुख्य स्विचपासून तोडावी.

शेवटी, हौदाभोवती बाहेर उतार असलेली फरशी करावी आणि सांडपाणी लांब चारीत सोडावे, म्हणजे पायाची जमीन कोरडी राहील. दुखणे पायात आणि लेप कपाळावर, असे होऊ देऊ नका. या उन्हाळ्यात गवंड्याला बोलावण्याआधी एक बादली पायरीवर ठेवा, एवढीच विनंती.